गेला म्हणून सांगितलेला मेल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अकोल्याला आईला फोनवर नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — पण मान खाली घालून सांगेन असं समजू नका.

आधी एक ऐका. ‘साधा मेल तर पाठवायचाय, त्यात काय एवढं?’ — हे मी बहरीनला आल्यापासून इतक्यांकडून ऐकलंय की आता कुणी म्हटलं तर डोकंच फिरतं. काय एवढं? अहो, वेबसाइट मेल पोचवत नाही. ती फक्त हातातून सोडते. पलीकडे, ज्याला मेल जायचाय त्याच्या मेलबॉक्सच्या दारावर पहारा असतो — कोण तू? कुणाच्या नावानं आलास? त्यांनीच पाठवलंय कशावरून? पटलं तर आत. नाही पटलं तर कधी स्पॅममध्ये ढकलतात, कधी परत पाठवतात, कधी गुपचूप गिळून टाकतात. आणि आपल्या स्क्रीनवर मात्र हिरव्या अक्षरांत ‘सेंट’. सेंट म्हणजे निघाला. पोचला की नाही, ते त्या हिरव्या अक्षरांना माहीत नसतं.

मला माहीत होतं. तिथंच तर सगळं आहे.

मी मनामामधल्या एका मेंटेनन्स कंपनीची वेबसाइट सांभाळते. जनाबियातल्या व्हिलांचे एसी, अस्करकडच्या गोदामांचं वायरिंग — अशी कामं आमची माणसं करतात. त्यांच्या लीव्हची सोय मी वेबसाइटवर केली होती. लीव्ह मंजूर झाली की माणसाला मेल जाणार; त्यातलं बटण दोन दिवसांत दाबायचं. नाही दाबलं तर लीव्ह आपोआप रद्द, जागा पुढच्याला. नियम मॅनेजरचा होता. बसवला मी.

रघुनाथकाका आमचे एसी मेकॅनिक. गुहागरकडचे. मे महिन्यात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दोन शालूंचे फोटो घेऊन मुद्दाम माझ्या टेबलापर्यंत आले होते — ‘ताई, हा घेऊ का तो?’ मी जांभळा म्हटलं. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला आणि जांभळा घ्यायला सांगितलं. इतका विश्वास.

त्याच सुमाराला मी वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. अशा वेळी एक काम करावंच लागतं — हा नवा सर्व्हर आमचाच आहे, याच्याकडून आलेले मेल आमचेच समजा, अशी नोंद कंपनीच्या नावावर टाकायची. पहारेकरी तीच बघतात. पाच मिनिटांचं काम. मी ‘उद्या करते’ म्हटलं. उद्याचा परवा झाला. विसरले का? छे. कंटाळा केला.

काका आले. ‘ताई, लग्नाच्या लीव्हचा मेल काय आला नाय ओ अजून.’

मी स्क्रीन बघितली. हिरवं. ‘गेलाय काका. तुमच्याकडंच बघा नीट.’

ते तिथंच उभं राहून अंगठ्यानं मोबाईल वरखाली करत राहिले. मग ‘बघतो हां’ म्हणून गेले. ते गेल्यावर, परत आलेले मेल जिथं साठतात तो बॉक्स मी उघडला — तो कधी कुणी उघडत नाही, मीही उघडत नव्हते. सगळे तिथं पडलेले. काकांचाही. दारातूनच हाकललेला.

नोंद मी लगेच टाकली. बाकीच्यांचे मेल पुन्हा पाठवले. त्यांची मुदत शिल्लक होती. काकांची त्याच सकाळी संपली होती. त्यांची जागा आपोआप दुसऱ्या मेकॅनिकला गेली होती; पुन्हा पाठवलेला मेल मिळताच त्यानं बटण दाबलं आणि तिकीटही काढलं.

मॅनेजरनं काकांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यानं सरळ विचारलं, ‘मेल गया था कि नहीं? नहीं गया तो गलती अपनी है, दोनों मेकैनिक को छुट्टी पर छोड़ना पड़ेगा.’

ऐकलंत? दोघांनाही लीव्हवर सोडलं असतं. मी ‘नहीं गया’ म्हणायचा अवकाश होता. माझ्याकडं बघत काका शेजारी उभे होते.

मी म्हटलं, ‘गया था, सर. इन्होंने देखा नहीं होगा.’

आणि काका — काका काय म्हणाले? ‘असेल ओ ताई. मला मोबाईलमधलं एवढं कळत नाय.’ मग मॅनेजरकडं वळून, ‘सॉरी साब.’

त्यांनी माफी मागितली. मी मागू दिली.

आता तुम्ही माझ्यासाठी कारण शोधाल. नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता, बाईमाणूस, परका देश... नका शोधू. नोकरी गेली नसती. फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. मला ते ऐकायचे नव्हते. ‘हिला एवढं जमलं नाही’ हे वाक्य माझ्याबद्दल त्या केबिनमध्ये उच्चारलं जायला नको होतं — बस्स. पौर्णिमेला आम्ही दहाबारा घरं एकत्र जमून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज खाली येईल असं वाटलं असेल तुम्हाला. येत नाही. ठणठणीत म्हणते.

लग्नाच्या दिवशी काका जनाबियातल्या एका व्हिलाबाहेर कंपनीच्या व्हॅनमध्ये बसून मोबाईलवर बघत होते. कन्यादान धाकट्या भावानं केलं. अक्षता पडत असतानाच व्हिलावाल्या मॅडमनं हाक मारली, म्हणून मोबाईल सीटवर तसाच चालू ठेवून ते आत गेले. हे मला त्यांनीच सांगितलं, हसत. ‘पोर रडली की नाय, ते बघायचं राहिलं.’

एवढ्यावर संपलं नाही. मॅनेजरला वाटलं, माणसांना मेल बघता येत नाही — शिकवा. म्हणून शुक्रवारी, आमची माणसं राहतात त्या कॅम्पच्या मेसमध्ये मी शिकवायला उभी राहिले. इनबॉक्स कुठं, स्पॅम कुठं. पहिल्या बाकावर काका. चष्मा लावून, सगळ्यांत लक्ष देऊन. ‘ताई, जरा परत दाखवा.’ मी परत दाखवलं. त्या क्लासबद्दल ऑफिसनं माझं कौतुक केलं, तेही मी घेतलं.

काका अजून आमच्याकडंच आहेत. मागच्या आठवड्यात राजापूरकडचा एक नवा इलेक्ट्रिशियन आला. काका त्याला माझ्या टेबलापाशी घेऊन आले, ओळख करून दिली. ‘ह्या आपल्या ताई. ह्यांच्याकडनं मेल गेला म्हणजे गेलाच. तू तेवढा रोज बघत जा रे बाबा. माझ्यासारखं करू नको.’

तो पोरगा माझ्याकडं बघून आदरानं हसला. मी त्याचा मेल आयडी विचारला आणि टाइप करायला लागले.