कालचेच कुदळे

दर जानेवारीत एका शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावरचे पक्षी मोजतात. स्फाक्स शहरातून सी मुनसिफ, म्हणजे मुनसिफराव, हे शिक्षक दुर्बीण घेऊन येतात. ते आकडा बोलतात, मी वहीत उतरवते. नन्सच्या शाळेतलं माझं अक्षर त्यांना वाचायला बरं पडतं. गावातल्या बायका मला आदराने लल्ला म्हणतात. आमच्यासोबत खमीसा असते, कारण कोणता थवा कुठे उतरलाय हे दुर्बिणीच्या आधी तिला कळतं.

खमीसा बासष्ट वर्षांची. गावातल्या आणखी चाळीसेक बायकांसारखी तीही हिवाळाभर ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते. रबरी बूट, कमरेत वाकलेली पाठ आणि हातात बोथट विळा. चिखलावर शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी आहे. नवरा बोटीवर पडून अंथरुणाला खिळला, तेव्हापासून वीस वर्षं तिचं घर या भोकांवर चाललंय. दोन मुलींची लग्नं त्यातूनच झाली. तिच्या टोपलीत पेराएवढी लहान तिसरी मी कधी पाहिली नाही. तसली सापडली तर ती पुन्हा पुरून टाकते.

यंदा मोजणीकडे सगळ्या बायकांचे डोळे लागले होते. लांब वाकड्या चोचीचे कुदळे वर्षागणिक घटत होते, आणि बायकांच्या वावरामुळे ते बुजतात असं कोणीतरी वर सरकारात कळवलं होतं. वरून हुकूम आला: या वेळी सहाशेपेक्षा कमी भरले, तर उत्तरेचा चिखल दोन हिवाळे बंद. सगळ्यात जास्त तिसऱ्या तिथेच मिळतात.

शनिवारी सकाळी उत्तरेला कुदळे भरले चारशे बारा. रविवारी दक्षिणेला, मिठागरांच्या पलीकडे, तीनशे शहाण्णव. मी बेरीज मांडायच्या आत सी मुनसिफांनी ती केलीसुद्धा.

“आठशे आठ! मावशी, वाचला तुमचा चिखल!”

खमीसाची जाऊ दूजा हेच ऐकायला पहाटेपासून आमच्यामागे हिंडत होती. तिने लग्नात देतात तशी लांबलचक ललकारी दिली. समोरचे सगळे रोहित पक्षी भर्रकन उडाले.

“अहो बाई, ते मोजायचे होते अजून!” सी मुनसिफ ओरडले.

“गुलाबी दिसतात ना? लिहा, पुष्कळ,” दूजा म्हणाली.

खमीसा जवाची भाकरी तेलात बुडवत होती. ती न हसता म्हणाली, “हे कालचेच आहेत.”

“कोण कालचे?”

“कुदळे. काल दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला. तो सुटला की ते इकडे आडोशाला येतात. आमच्या आयांच्या वेळेपासून येतात. तुम्ही तेच पक्षी दोनदा मोजलेत.”

सी मुनसिफांचा चेहरा उतरला. माणूस भला; आठशे व्हावेत असं त्यांच्याही मनात होतं. “मावशी, पक्ष्यांच्या पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं? मी मोजले ते मोजले.”

“मग चला उत्तरेला. तिथे एक जरी कुदळ्या दिसला तरी मी गप्प बसेन.”

“तू आत्ताच गप्प बस!” दूजाने तिची बाही ओढली. “तुला विचारलंय कोणी? मास्तर शिकलेले, लल्ला शिकलेल्या. ते म्हणतात आठशे, आणि हिला जास्त कळतं!”

ओहोटी अजून होती. गाढवाच्या गाडीतून आम्ही तासाभरात उत्तरेला पोचलो. दुर्बिणीत एकही कुदळ्या नव्हता. खमीसा चिखलात उतरली, पन्नास पावलं गेली आणि वाकली. पाणी पहाटे ओसरलं होतं, चिखल नव्या पानासारखा होता. त्यावर छोट्या तुतवार पक्ष्यांच्या पायांची बारीक नक्षी दिसत होती. कुदळ्याचा मोठा पंजा नव्हता की त्याने चोच खुपसल्याचं खोल भोक नव्हतं.

“बघा,” ती म्हणाली. मग एखादा तरी पंजा सापडतोय का, म्हणून आणखी दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा वाकली. तिला बरोबर ठरायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

सी मुनसिफांनी दुर्बीण पुन्हा एकदा सगळ्या चिखलावरून फिरवली. मग हळूच म्हणाले, “मावशी, इथे आपण चौघंच आहोत. मला काहीच माहीत नाही असं समजून चालतो.”

“आणि पुढच्या वर्षी?” खमीसाने विचारलं. “पुढच्या वर्षी वारा फिरला नाही, तुम्हाला खरे चारशे दिसले, की वरचे म्हणतील, अर्धे बायकांनी पळवले. तेव्हा मी कुठल्या तोंडाने सांगू, की ते कधी नव्हतेच?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लल्ला, खोडा ते.”

मी तीनशे शहाण्णव खोडले, आणि सी मुनसिफांनी समासात कारण लिहून सही केली.

इतकी वर्षं मी माणसांबद्दल लिहीत आले. स्वतःच्या भाकरीविरुद्ध साक्ष देणारी बाई मला एकच भेटली.

पंधरा दिवसांत उत्तरेचा चिखल बंद झाला. बायका आता तासभर जास्त चालून दक्षिणेला जातात. टोपली तिथे मुश्किलीने निम्मी भरते. विहिरीवर खमीसा आली की गप्पा थांबत. दूजाने तर जन्मात तिच्याशी बोलणार नाही अशी शपथ घेतली. खमीसा कोणाला काही समजवायला गेली नाही. रोज सगळ्यांच्या आधी निघायची आणि कुठे पाय टाकावा, कुठे टाकू नये, ते वेळूच्या काड्या रोवून दाखवत जायची. दक्षिणेची दलदल दगलबाज आहे.

पुढचं मला दूजानेच सांगितलं. दक्षिणेला जाऊ लागल्यावर दहाव्या दिवशी तिने हट्टाने काड्यांच्या बाहेर पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत रुतली. आधी शपथेपायी एकटीच पाय उपसत राहिली. मग भरतीचं पाणी चढू लागलं.

“खमीसा! अगं ए खमीसा!”

खमीसा आली, चिखलावर आडवी झाली आणि टोपली पुढे सरकवली. “धर. आणि हलू नकोस.”

“बोलले नाहीये मी तुझ्याशी,” दूजा रडत म्हणाली. “हाक मारली फक्त.”

“बरं. मग ओढते फक्त.”