खराबच वायर द्या

बोलून झालं की काका "ओव्हर" म्हणायचे आणि गप्प उभे राहायचे. समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात चार गिऱ्हाइकं एकदम ओरडायची, तिथे हे वागणं कसं चालणार? पहिल्यांदा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि मी त्या दुकानात काउंटरवर होतो. ते अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. राहायला पंचवटीत, बैठं घर, वर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची खोली. त्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलेलं हौशी रेडिओ स्टेशन होतं, सरकारी परवान्याचं. गाणीबिणी काही नाही. आपण बोलायचं, मग कुठल्यातरी दूरच्या गावचा दुसरा हौशी बोलणार. एका वेळी एकानेच बोलायचं, म्हणून ते "ओव्हर". कारखान्यात माणूसघाणे म्हणून प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ गच्चीवर जाऊन कोण कुठल्या माणसाला "जेवण झालं का" म्हणून विचारायचे.

वायर घ्यायला आले की अंगठ्याच्या नखाने टोक सोलायचे आणि आतल्या तांब्याच्या तारा टाचणीने वेगळ्या करून मोजायचे. चाळीस तारांच्या वायरीत अडतीस निघाल्या की काही न बोलता ती माझ्यापुढे ठेवायचे. माझं डोकं फिरायचं. वायर काय मी बनवत होतो?

एकदा मी म्हटलंच, "काका, दोन तारांनी काय बिघडतं हो?"

"बिघडत काही नाही, भाऊ. लिहिलंय चाळीस, म्हणून बघतो. ओव्हर."

एका दिवाळीनंतर त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. काकूंना बोलता यायचं, पण आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोचत नसे. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर सांभाळायला एक बाई यायची, रविवारी हे दोघंच. त्यांनी रेडिओ बंद करून टाकला, तर काकूंनीच त्यांना वर हाकललं. "तोंड पाडून माझ्या उशाशी बसू नका," म्हणाल्या. मग यांनी तोड काढली. वरून खाली वायर सोडायची आणि काकूंच्या पलंगाशी एक स्पीकर ठेवायचा. पडल्यापडल्या तिलाही चार गावचे लोक ऐकू येतील.

त्या दिवशी ते घाईत होते. तारा मोजल्या नाहीत. मी सगळ्यांत स्वस्तातली, पातळ, साधी दुपदरी वायर साठ फूट कापून दिली.

सोमवारी हजर. चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"भाऊ, खालच्या स्पीकरमधून मीच बोलतोय. ओव्हर."

मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. आपण बोलत असताना आपला स्पीकर मुका राहायला हवा, त्यातून फक्त समोरच्याचा आवाज यायला हवा. पण वरून धातूची जाळी नसलेली ही लांब वायर त्यांचंच प्रक्षेपण पकडत होती आणि खाली त्यांचा आवाज घोगरा, फाटका होऊन उमटत होता. शब्द जेमतेम कळायचे. त्यांच्यासारख्या माणसाला हे म्हणजे सदऱ्याची बटणं उलटसुलट लावून बाहेर पडण्यासारखं होतं.

मग योग्य वायर निवडण्यात तीन आठवडे गेले. ही जाड आहे पण जाळी नाही, हिला जाळी आहे पण विरळ आहे. शेवटी मी मुंबईहून तांब्याची घट्ट जाळी वरून विणलेली वायर मागवली. त्यांनी टोक सोललं, मोजलं. पूर्ण चाळीस. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या विक्रीची फुशारकी दुकानात आठवडाभर मारली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले.

"ती पहिली वायर आहे का? तसलीच. ओव्हर."

"काका, ती खराब होती ना?"

"हो. खराबच द्या. ओव्हर."

ते टाचणीशी खेळत म्हणाले, "आता आवाज अगदी स्वच्छ येतो. एक नंबर. पण ती म्हणते, सगळ्या जगाचे आवाज येतात, तुमचा तेवढा येत नाही. तुम्ही वर गेलात की नसताच."

या वेळी "ओव्हर" म्हणायचं ते विसरले. चांगला माल विकून मी पंधरा दिवस एका बाईचा नवरा पळवला होता. मला फार वाईट वाटलं.

त्या रविवारी वायर बदलायला मीच गेलो. ते वर बोलू लागले आणि खाली स्पीकर खरखरला. घसा बसलेल्या माणसासारखा आवाज आला, शब्द निम्मे गिळलेले. काकूंनी डावा हात उचलून स्पीकरकडे दाखवला आणि मला म्हणाल्या, "आले बघा."

पुढची दोन वर्षं ती खराब वायर तशीच राहिली. दर रविवारी सकाळी काका वर आणि त्यांची घरघर खाली.

एका रविवारी ते वरच गेले. हृदय बंद पडलं. टेबलावर मान टाकलेले सापडले, तेही दुपारी, शेजारीण डबा घेऊन आली तेव्हा.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. काकू छताकडे बघत पडल्या होत्या. स्पीकर कुणीतरी काढून ठेवला होता. मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. मला ऐकण्यासाठी वाकावं लागलं.

"सांगलीकडचे एक जण असतात ना, मराठीत बोलणारे, ते विचारत होते. नाशिक, तुमची पाळी आहे. नाशिक, आहात का? ह्यांची घरघर येईना. मी वाट पाहिली. पुन्हा विचारलं त्यांनी. तरी येईना. मला तेव्हाच कळलं."

"हाक मारली असेल तुम्ही."

"मारली ना. कुणाला ऐकू जाणार?" त्यांनी डोळे मिटले. "ते आपले विचारतच होते, नाशिक, आहात का? आणि मी इथून सांगत होते, नाहीत हो. नाहीत ते."