एकशे साठ व्होल्टचं गाणं

लखनौला निघाले तेव्हा शेजारणींनी चिकनच्या साड्यांच्या रंगांची यादी हातात दिली होती. तिथं मला रॉक बँडचा न्यायनिवाडा करावा लागेल, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी सांगलीत शाळेत संगीत शिकवते. म्हणजे पेटीवर बोटं ठेवून पन्नास मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेते. एवढ्या भांडवलावर मला परीक्षक नेमण्यात आलं.

नेमणूक केली ताईनं, आणि तीही स्टेशनवरच. डिसेंबरातलं धुकं, गाडी सात तास उशिरा, माझ्या नाकाचा बर्फ झालेला, आणि ही बाई हमालाशी घासाघीस करता करता मला म्हणते, "शैला, तुझा तो प्रमोद मुंबईत कॅसेट कंपनीत आहे ना? निनादच्या बँडचं गाणं परत जाताना त्याला नेऊन दे."

निनाद माझा भाचा. वय वर्षं वीस, केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

इंदिरानगरच्या घरी चहा पिताना भावोजींनी अट सांगितली. ते इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत आणि घरातही निष्कर्ष काढल्यासारखंच बोलतात. "प्रमोदनं हो म्हटलं, तर याला एक वर्ष देतो. नाही म्हटलं, तर एक तारखेपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. फॉर्म भरून ठेवलाय." निनादनं मान खाली घातली. त्याच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं तरी त्याला कळलं नाही. मला पोराची दया आली.

मी एसटीडी बूथवरून प्रमोदला फोन लावला. तो माझा शाळेतला विद्यार्थी, त्यामुळे अजून दबून बोलतो. "बाई, एकच गाणं आणा. साहेब दुसरं ऐकत नाहीत. पण असं आणा, की ऐकल्याबरोबर वाटलं पाहिजे, हा बँड दुसरा कुठला असूच शकत नाही."

खरं महाभारत इथून सुरू झालं. बँडचं नाव 'तहखाना' (तळघर), सराव मात्र गच्चीवरच्या खोलीत. वाजवणारे तिघे. निनादच्या मते बँडची ओळख म्हणजे 'सीलन' (भिंतीला येणारी ओल) हे गाणं. ते सात मिनिटांचं आहे आणि पहिली दोन मिनिटं त्यात काहीही घडत नाही. ड्रम वाजवणाऱ्या फैजानच्या मते ओळख म्हणजे 'ठप्पा'. ते इतकं जलद आहे, की मी ऐकायला बसेपर्यंत संपलं. तिसरा टोनी. त्याचे वडील फौजेत, घर छावनीत (लष्करी वसाहतीत). टोनीचं मत विचारलं की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आप दोनों जो तय करें।" तीन माणसं असूनही प्रत्येक वेळी मतं एकास एक पडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फैजान मला चौकात, म्हणजे जुन्या लखनौतल्या त्याच्या भागात, घेऊन गेला. बाजू मांडायला, हे मला नंतर कळलं. आधी त्यानं कुल्हडमध्ये (मातीच्या पेल्यात) मलाई मक्खन खायला घातलं. थंडीतच मिळणारा हा केशरी फेस तोंडात ठेवला की नाहीसा होतो; आपण काही खाल्लं की नुसता भास झाला, कळत नाही. मी खात्री करून घेण्यासाठी तीन कुल्हड संपवले. मग तो मला वडिलांच्या कारखान्यात घेऊन गेला. चार माणसं निळ्या रंगात बुडवलेले लाकडी साचे, म्हणजे ठप्पे, कापडावर ठोकत होती. बायका या निळ्या नक्षीवरून भरतकाम करतात आणि शेवटी धुलाईत निळा रंग निघून जातो.

"मौसी, ठप्पे का हाथ बचपन से यहीं सीखा है," फैजान म्हणाला. "निनाद कहता है गिटार ही बैंड है। ठीक है। धुलने के बाद ठप्पा किसको दिखता है?"

मुलगा हसत होता, पण त्याला लागलं होतं. तिसरीपासूनचे हे दोघे मित्र पुढे आठवडाभर एकमेकांशी टोनीमार्फत बोलत होते.

आता परीक्षक म्हणून काहीतरी करणं भाग होतं. मी ठरवलं, की दोन्ही गाणी नीट रेकॉर्ड करायची आणि ऐकून निकाल द्यायचा. गच्चीवर विजेचा भरवसा नाही म्हणून सगळं सामान दोन रिक्षांत घालून छावनीत टोनीकडे नेलं. तिथं रस्ते शांत, झाडांच्या बुंध्यांना चुना, आणि वीज अशी शिस्तीची, की बल्ब एकदाही डोळा मिचकावत नव्हता. दोन्ही गाणी विनाअडथळा रेकॉर्ड झाली. टोनीच्या आईनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ताईला ऐकवली, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "छान आहे. पण आपली पोरं कधी वाजवणार?"

"माँ, ये हम ही हैं!"

"छे! हे कुठलंही कुणीतरी आहे."

कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा मलाही ते जाणवलं. काय कमी होतं, ते भावोजींनी ओळखलं. पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "व्होल्टेज पडलं नाही."

सांगायची गोष्ट अशी, की थंडीत रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळं इंदिरानगर हीटर लावतं. मग वीज खाली येते, स्टॅबिलायझर कण्हायला लागतो, निनादची गिटार आणि टोनीचा बेस बुडत बुडत गप्प होतात. फैजानच्या ड्रमला मात्र वीज लागत नाही. तो एकटा वाजवत राहतो. मग वीज येते आणि गिटार पुन्हा वर येते. तीन वर्षं रोज हेच झाल्यामुळे पोरांनी नकळत सगळी गाणी तशीच बांधली होती. कुठं बुडायचं हे निनादच्या बोटांना ठाऊक होतं, कुठं तगायचं हे फैजानच्या. गल्लीतल्या लोकांनी हा बँड दुसऱ्या कुठल्या रूपात ऐकलाच नव्हता.

गाणं कुठलंही चालेल, व्होल्टेज मात्र पडलंच पाहिजे, असा निकाल मी दिला. तो दोघांनाही मान्य झाला. चिठ्ठी टाकली, 'सीलन' निघालं. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी सहाला पोरं तयार झाली, बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर लावला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच व्होल्टेज पडेना! स्टॅबिलायझरचा काटा दोनशेवीसला खिळलेला. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. निनाद रडकुंडीला आला.

तेव्हा ताईनं चपला घातल्या. घराघरांत जाऊन, "भाभीजी, ज़रा गीज़र चला दीजिए, बच्चों का करियर है," असं सांगत ती फिरली. कुणी कारण विचारलं नाही. कुणी हीटर लावले, कुणी इस्त्र्या, समोरच्या मिश्राजींनी बादलीत पाणी तापवायची रॉड सोडली आणि वर मिक्सर रिकामाच फिरवला. भावोजी जिन्यावर व्होल्टमीटर घेऊन उभे राहिले. हा फॉर्म भरून ठेवणारा माणूस वर तोंड करून ओरडत होता, "दोनशे! एकशे ऐंशी! निनाद, सुरू कर! एकशे साठ!"

गिटार बुडाली. फैजान एकटा उरला. आणि मग कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाम्‌ करून गेला.

सगळं इंदिरानगर काळोखात. वीज परत येणार नव्हती, म्हणजे गिटारही येणार नव्हती. निनादनं मान हलवली, वाजवत राहा. फैजाननं जे वाजवलं ते कुठल्याच गाण्यात नव्हतं. कापडावर साचा पडावा तसा प्रत्येक ठोका ठरल्या जागी पडत होता. लोक गच्च्यांवर शाली गुंडाळून उभे होते आणि शिव्या घालायचं विसरले होते. निनाद चार मिनिटं गिटारवर हात ठेवून स्वस्थ बसून होता.

ती कॅसेट मी दादरला प्रमोदच्या ऑफिसात त्याच्या हातात दिली. त्यानं साहेबांना ऐकवली आणि अर्ध्या तासानं बाहेर आला. नजर चुकवत म्हणाला, "बाई, गिटारवाले आमच्याकडे ढिगानं आहेत. साहेब म्हणतात, लाइट गेल्यावर वाजवणारा मुलगा पाठवा. त्याला लगेच काम देतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सख्ख्या भाच्यासाठी गेले आणि त्यालाच बुडवून आले. बूथवरून लखनौला फोन लावला, तर नेमका निनादनंच उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मौसी, फ़ैज़ान को बताया आपने?"

"नाही रे."

"मत बताइएगा।"

वीस वर्षांचं पोर, वाईट वाटणारच, मीही कदाचित हेच म्हटलं असतं, अशी मनातल्या मनात त्याची बाजू घ्यायला लागले. तेवढ्यात तो म्हणाला, "आप बताएँगी तो वो मेरी वजह से मना कर देगा। मैं ख़ुद जा रहा हूँ चौक। उसका सामान भी तो पैक करवाना है।"

सांगलीच्या गाडीत बसले तरी डोळे पुसणं चालू होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, कुणी गेलं का हो? मी म्हटलं, नाही, आमचा निनाद पास झाला.