पंधराव्या खान्यातला तलाव

"सर, आमचा तलाव तुम्ही कुनाला दिला?" भगत साहेबांनी फोनवर थेट विचारलं.

भगत साहेब पावसाळी पाण्याचा निचरा बघणारे इंजिनिअर. मी आराखडे तयार करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत प्लॅनर. आमच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा तेव्हा सगळ्या खात्यांकडे अभिप्रायासाठी गेला होता.

"कुठला तलाव?"

"धारण तलाव. गाळ काढायची परवानगी मागितली, तर फाइल परत आली. शेरा काय, तर आराखड्यात ही संवर्धनाची जागा हाय. पावसाळा तोंडावर आलाय, सर."

ते मीच लिहिलं होतं.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीला खाडीकडच्या झडपा बंद होतात. तेवढा वेळ पावसाचं पाणी धारण तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तलाव गाळाने भरला की ते पाणी वस्तीत थांबतं.

माझं काम होतं एसडीजी मॅपिंग. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं आहेत. आराखड्यातलं प्रत्येक काम त्यातल्या एका खान्यात बसवायचं. पंधरावा खाना, जमिनीवरच्या निसर्गाचा, रिकामा राहिला होता. आमच्या प्रमुख प्राची मॅडम म्हणाल्या, "रिकामा खाना दिसला की वरून प्रश्न येतो. काहीतरी बघा."

मी बघितलं. तलावात कांदळवन वाढलं होतं, पक्षी येत होते. 'गाळ काढणे' खोडून मी 'पाणथळ जागेचे संवर्धन' लिहिलं. पक्षी खरे होते, झाडं खरी होती. पण तलाव कशासाठी खोदलाय हे मला माहीत होतं. मॅडमनी शाबासकी दिली, तीही मी घेतली.

भगत साहेब मला तिकडे घेऊन गेले. तलावाशेजारच्या तळमजल्यावर एक बाई दारात उभ्या होत्या. भर उन्हाळ्यात त्यांचा फ्रिज विटांवर चढवलेला होता.

"हे प्लॅनवाले साहेब," भगत म्हणाले.

"बरं झालं, भेटले. साहेब, एवढंच सांगा, यंदा गाद्या माळ्यावर टाकू की राहू देऊ?"



ऑफिसात येऊन मॅडमना सांगितलं. त्या वैतागल्या. "सादरीकरण परवा आहे. आता खाना उघडा पाडू नका. खाली टीप टाकू."

"टिपेवर परवानगी मिळत नाही, मॅडम."

"मग मीटिंगमध्ये तुम्ही बोला. मी नाही बोलणार."

बेलापूरच्या त्या मीटिंगमध्ये पंधरावी स्लाइड आली. वनखात्याच्या मॅडम खूश झाल्या. "हे छान केलंत. याला कोणी हात लावायचा नाही."

मी उभा राहिलो. "मॅडम, ते काम तिथे नको. ते पूरनियंत्रणाचं आहे. खाना भरायला मी तिथे टाकलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग पंधराव्यात काय उरलं?"

"काही नाही, सर."

"अख्ख्या प्रदेशात निसर्गासाठी एकही काम नाही?"

"आराखड्यात नाही."

प्राची मॅडम लॅपटॉपमध्ये बघत राहिल्या.

"म्हणजे आता कांदळवन तोडायला मोकळे?" वनखात्याच्या मॅडम भडकल्या.

"मॅडम, गाळ मधोमध हाय," भगत म्हणाले. "कडेच्या झाडांचं आम्ही काय करू? झडपांसमोरची तेवढी अडचन हाय."

"ती झाडं तोडायला कोर्टाची परवानगी लागेल."

"मागतो ना. पन आधी फाइल पुढं तर जाऊ द्या!"

अध्यक्षांनी नोंद बदलायला सांगितली. कडेचं कांदळवन राखायचं, ही अट वनखात्याच्या मॅडमनी घालून घेतली. पावसाआधी मधला गाळ निघाला. झडपांसमोरच्या झाडांची परवानगी आली नाही, अजूनही आलेली नाही. त्या पावसाळ्यात तळमजल्यांत पाणी शिरलंच. आधीच्यापेक्षा लवकर ओसरलं, असं भगत साहेब म्हणतात. त्या बाईंना जाऊन विचारायची हिंमत मला झालेली नाही. पंधराव्या खान्यासाठी खरं काम शोधायला एक समिती नेमली आहे. तिच्यात मीही आहे.

एखादं काम आराखड्यात लिहिलं की त्याने कुठलं उद्दिष्ट पूर्ण होतं, हे सगळेच विचारतात. त्याने कुठलं काम बंद पडेल, हे मी आता आधी विचारून घेतो.