चाखणारी

तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, "युरिक ॲसिड वाढलंय. मटण बंद, मासोळी बंद. ओली नको, सुकी नको. थेंबसुद्धा पोटात जायला नको." मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. शिकलेल्यांचं बोलणं मी धड्यासारखं पाठ करतो. थेंबसुद्धा नको म्हणजे नको.

पायाचा अंगठा वांग्यासारखा जांभळा होऊन फुगला होता. चादर लागली तरी डोळ्यांत पाणी येई. आणि मी आचारी, दिवसभर चुलीसमोर उभा. एटापल्लीकडच्या जंगलात रस्त्याचं काम सुरू होतं, त्या कॅम्पच्या मेसमध्ये मी रांधायचो. माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, तळ्याकाठी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळंच टाकलं. तिथं जायचं तर अख्खा दिवस बसमध्ये. पाय गेला की काम गेलं, आणि मग मला कोण विचारणार? मेसच्या मालकानं ना दाखला मागितला, ना ओळख. एक दिवस शिजवून घेतलं, बोटं चाटली, ठेवून घेतलं. ते उपकार मी अजून मानतो. पण त्याच दिवशी तो म्हणाला होता, "जो आचारी आपल्या हातचं खात नाई, त्याच्या हातचं मी खात नाई. ध्यानात ठेव."

म्हणून मी लपवलं. ताटात मटणाच्या फोडी वाढून घ्यायचो, मेसमागं जायचो आणि कुत्र्याला घालायचो.

भांडी घासायला शेजारच्या गावची एक माडिया बाई येई. सगळे तिला मावशी म्हणत. तिनं चौथ्या दिवशी पकडलं.

"कुत्रा मोटा होऊन राह्यला. तू वाळून राह्यला. काऊन?"

मी पाय दाखवला.

"मंग मीठ कोण पाह्यते?"

"अंदाजानं टाकतो."

"अंदाजानं," ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

त्या दिवसापासून ती माझी जीभ झाली. पळीभर रस्सा तिच्या तळहातावर ओतायचा, तिनं चाटायचा आणि मान हलवायची. मला ती रानातली भाजी आणून द्यायची, पानात गुंडाळून. अंगठ्याची सूज उतरली. टिप्परवाले ड्रायव्हर चिडवायचे, "आचारीभाऊ, पहिला घास मावशीले! लगीन कधी हाय?" तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसायचो. ती भांडी घासत राहायची.

चैत लागला. एका रविवारी मालकानं आपल्या गावाकडून येताना पोतंभर सुकी मासोळी आणली. झाडांना कैऱ्या लटकल्या होत्या. मी कैरी घालून मोठा गंज भरून रस्सा केला आणि पळी घेऊन मावशीकडे गेलो. तिनं हात मागं घेतला.

"यात मरका हाय."

मरका म्हणजे आंबा. तिच्या गावात आंब्याचा पंडुम झाला नव्हता. पंडुम म्हणजे नवं फळ आधी देवाला द्यायचा सण. तो झाल्याशिवाय गावातलं कोणी कैरी तोंडाला लावत नाही.

"नुसतं मीठ तर पाह्य," मी म्हणालो.

"नाई."

बाहेर ताटं वाजत होती. मी पळी गंजात टाकली आणि वाढायला घेतलं.

आमच्या तळ्याची मासोळी नुसत्या उन्हात वाळते, मिठाचा कण नसतो तिच्यात. घरी घालतात तसं मी मूठभर मीठ घातलं होतं. पोत्यातली मासोळी समुद्राची होती, मिठात मुरवलेली. एक थेंब जिभेवर घेतला असता तर कळलं असतं.

पहिल्या पंगतीनंच थुंकलं. मालक स्वतः जेवायला बसला होता. त्यानं ताट सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चाखलं कोनं?"

मी चाखलं म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, खाऊन दाखव. माझ्या तोंडून निघालं, "मावशीनं."

पंगतीत तिच्या गावची पाच-सहा माणसं होती. त्यांचे हात थांबले. मीठ कमी-जास्त झाल्याचं त्यांना काही नव्हतं. पंडुमाच्या आधी तिनं कैरी खाल्ली, एवढंच त्यांनी ऐकलं. त्यांनाही कैरी चालणार नव्हती म्हणून त्यांची ताटं मी वरणाची वाढली होती. मला माहीत होतं ते.

मालकाला गंमत सुचली. त्यानं वाटीभर रस्सा तिच्यासमोर धरला. "तुले चांगला लागला न? मंग खाय सगळ्यांसमोर."

ड्रायव्हर हसायला लागले. तिनं वाटीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. तिनं एक वाक्य बोललं असतं तर मी उघडा पडलो असतो: हा खात नाई, याच्यासाठी मी चाखते. मी घाबरलो, ती बोलेल म्हणून. आणि ती बोलायच्या आत मी म्हणालो, "खाय न मावशी, काऊन नाटक करून राह्यली?"

तिनं हातातली घासणी टोपल्यात ठेवली, हात धुतले आणि निघून गेली. तिच्या गावची माणसं जेवण सोडून उठली, पण तिच्याबरोबर गेली नाहीत.

मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "असल्या बायका ठेवूच नको." मी मान डोलावली. माझं काम राहिलं.

महिन्यानं डॉक्टरांकडे गेलो. ते खूश झाले. मी सांगितलं, साहेब, आचारी असून थेंबही चाखत नाही. ते खुर्चीत मागं रेलून हसले. "अरे बाबा, पोटात नको म्हटलं होतं, जिभेवर नाही. चाखायचं आणि थुंकून टाकायचं!"

तेव्हापासून मी चाखतो आणि थुंकतो. सोपं आहे.

पावसाळ्याआधी ती एटापल्लीच्या बाजारात दिसली, टोळीचा ढीग पुढ्यात घेऊन. मोहाच्या बिया. मी टाळून जाणार होतो, तिनंच हाक मारली.

"पाय बरा हाय?"

"बरा हाय."

"आता कोन चाखते?"

मीच, असं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ते सगळं उगीच झालं.

"दुसरी बाई ठेवली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, मीठ बरोबर असलं की हलवायची तशी.

"तिले पहिले विचारून घेजो," ती म्हणाली, "तिच्या गावचा पंडुम झाला का म्हनून."