मार्झानाची पाठवणी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पेणला मामांच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचे डबे धुता धुता मी बी.ए. झालो, आणि ते उपकार मी विसरणार नाही. इंग्रजी बोलता येते म्हणून रोह्याच्या एका कंपनीत परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बघण्याचे काम मला मिळाले. तिथे पोलंडहून आलेले एक इंजिनिअर होते. त्या हिवाळ्यात त्यांना डेंग्यू झाला आणि ते मरता मरता वाचले.

मार्चमध्ये त्यांच्या पत्नीने मला बोलावले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मार्झाना नावाची देवी आहे, थंडीची आणि मरणाची. हिवाळा संपला की तिची गवताची बाहुली करून जाळतात, नदीत बुडवतात आणि मागे न बघता घरी येतात. मागे बघितलं तर आजारपण पाठोपाठ येतं. यंदा ती आमच्या घरात शिरली होती. तिला नीट घालवायचंय."

बाहुली मामांच्या कारखान्यात करून घेतो, असा मी शब्द दिला. मोबाईलवर पदवीधराला शोभेल इतका अभ्यास केला आणि कारखान्यात जाऊन सगळ्यांना समजावले, की प्राचीन स्लाव्ह लोकांत, म्हणजे या पोलंडवाल्यांच्या पूर्वजांत, मरणाचे खाते बरेच मोठे आहे. त्यांचा वेलेस नावाचा देव मेलेल्यांचे आत्मे पाणथळ कुरणात गुरांसारखे चारतो.

"म्हंजे मेल्यावरपण खाडीकाठीच," मामा म्हणाले. "आपल्यापेक्षा काय येगळं नाय."

"देवी दीड दिवसाची का पाच?" रंगकाम करणाऱ्या मावशींनी विचारले.

"बसवायचीच नाही. नुसती बुडवायची."

"बसवल्याबिगर?" मावशी शेजारणीकडे वळल्या. "ऐकलंस गो? पाहुणीला दारातनंच हाकलतात!"

देवी कुरूप हवी, गवत आणि चिंध्यांची, हे मी पुन्हा पुन्हा सांगितले. पण मामांच्या कारखान्यात कुरूपचा साचा नाही. ठरल्या दिवशी गवताच्या धडावर शाडूचा गौरीचा मुखवटा होता. गाल गुलाबी, नाकात नथ, आणि डोळ्यांची आखणी खुद्द मामांची.

"मामा, ही मरणाची देवी आहे."

"मग? कुरूप मूर्ती माझ्या कारखान्यातून भाईर पडली, तर भादव्यात माझ्याकडं कोण येल रे भाच्या?"

आम्ही सगळे टेंपोतून रोह्याला निघालो. कासू गावाच्या पुढे खड्डे लागले तसे मामांनी देवीला मांडीवर घेतले. "जप गो बाय," ते म्हणाले, "मरशील!"

कुंडलिकेच्या काठावर इंजिनिअरसाहेब बायकोच्या हाताला धरून उभे होते. अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा इतके ते वाळले होते. मॅडम मुखवट्याकडे बघतच राहिल्या. "इतकी सुंदर?" त्या पुटपुटल्या. साहेबांनी मात्र काडी ओढली. गवत पेटले, देवी पाण्यात गेली. मी बजावल्याप्रमाणे सगळ्यांनी शिस्तीत पाठ फिरवली. आणि पाठ फिरवताच, सवयीने, अख्ख्या कारखान्याने आरोळी ठोकली, "मार्झानामातेचा विजय असो! पुढच्या वर्षी लवकर या!"

"काय म्हणाले ते?" मॅडमनी विचारले.

मी प्रामाणिकपणे भाषांतर केले. साहेबांचा दंड त्यांनी घट्ट धरला. "मागे घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "आत्ता. इथेच."

"मामा, 'येऊ नको' म्हणा."

"देवाला येऊ नको? या तोंडानं? मी नाय म्हणायचा."

"अवो, पन ते साहेब बघा की," मावशी म्हणाल्या. "वारा आला तर पडंल माणूस."

नदीकडे पाठ करून आमची सभा भरली. वळून बघायची कुणाची छाती नव्हती. मामांनी साहेबांकडे बराच वेळ बघितले. मग घसा खाकरला आणि समोरच्या रस्त्याकडे तोंड करून, नदीला ऐकू जाईल अशा बेताने ओरडले, "उशिरा या!"

"लय वर्सांनी या!" कारखाना ओरडला.

रस्त्यावर दोन स्कूटरवाले थांबून बघू लागले. मी मॅडमना अर्थ सांगितला. त्यांना 'कधीच नको' हवे होते, हे दिसत होते. थोडा विचार करून त्यांनी विचारले, "याहून जास्त नाही का मिळणार?"

"देवाच्या बाबतीत एवढंच मिळतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग मोडक्या मराठीत त्याही ओरडल्या, "उशिरा या!" आणि त्यांच्या मागोमाग, बारीक पण स्पष्ट आवाजात, साहेब.