इंदूताईंनी मांडलेले काजूगर

अण्णा खेडेकरांनी ट्रे बाहेर ओढला आणि माझ्यासमोर धरला.

"हे पांढरे गर म्हणून विकू? तुम्हीच सांगा."

ट्रेच्या एका बाजूचे काजूगर करपून तपकिरी झाले होते. दुसऱ्या बाजूचे अजून दमट होते, साल अंगाला चिकटलेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीजवळ अण्णांचा काजूचा कारखाना होता आणि मी पुण्याच्या एका ड्रायर बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. बी फोडून काढलेल्या गरावर पातळ लाल साल असते. ती सुटावी म्हणून गर साधारण सत्तर डिग्रीला काही तास वाळवतात. ज्या कपाटात वाळवतात, त्याला बोर्मा म्हणतात. खाली डाव्या बाजूला भट्टी, वर ट्रे. जळण म्हणून काजूचीच टरफलं. हा लोखंडी बोर्मा आमच्या कंपनीनं दोन महिन्यांपूर्वी बसवला होता. 'काम समाधानकारक' या कागदावर सही माझी होती.

"चार दिवसांनी मुंबईचा व्यापारी येतोय," अण्णा म्हणाले. "असा माल दिसला तर पुढच्या वर्षी तो इकडे फिरकायचा नाही. गर सोलायला साठ बायका आहेत माझ्याकडे. त्यांना काय सांगू? मला वाटतं, भट्टीवरची बाईच चुकतेय. जाळ सांभाळत नाही. बदलतो तिला."

भट्टीवरची बाई म्हणजे इंदूताई तांबे. पन्नाशीच्या, काटक. जुन्या मातीच्या बोर्म्यावर त्यांनी बारा वर्षं काढली होती. अण्णा बोलत होते तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.

मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. साहेब म्हणाले, "मशीन टेस्टेड आहे. ऑपरेटर एरर लिही आणि संध्याकाळची एसटी पकड."

लिहिलंही असतं. पण एसटीला वेळ होता, म्हणून बोर्म्यासमोर स्टूल टाकून बसलो. दारावरच्या थर्मामीटरचा काटा नव्वदपर्यंत चढला, मग हळूहळू पंचावन्नवर आला. पुन्हा नव्वद.

"ताई, जाळ एवढा का चढतो?"

"तुमच्याच कागदावर लिवलंय, साहेब. तासाला एक टोपली. टरफलात तेल असतं. टोपलीभर एकदम पडली की भडका उडतो, आन् मग नुसती राख. मी थोडी थोडी घालीत होते, तर अण्णा म्हनाले, कागदापरमानं कर."

तो कागद म्हणजे बोर्म्यासोबत दिलेल्या आमच्याच कंपनीच्या सूचना. पुण्यात आम्ही लाकडाच्या ढलप्यांवर चाचणी घेतली होती. तेलकट टरफलं कुणी जाळून पाहिलीच नव्हती.

"आन् काटा तुमचा दाराशी," त्या पुढे म्हणाल्या. "सगळे गर काय दाराशीच हायत? या, दावते."

शेडच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलं होतं. त्यावर काजूगर ओळीनं मांडलेले. प्रत्येक ट्रेच्या चारही कोपऱ्यांतून एकेक गर उचलून, बोर्म्यात ट्रे जसे वर-खाली असतात त्याच क्रमानं. उजवीकडे सगळे फिके, दमट. डावीकडे पिवळे होत गेलेले. डावीकडे खाली, अगदी मागे, काळे.

"आठ दिस बघत्ये. रोज तोच कोपरा करपतो. मानूस चुकला तर रोज येकाच जागी चुकंल काय?"

मी बराच वेळ त्या गोणपाटासमोर उकिडवा बसून राहिलो. उष्णता आत कुठे किती आहे याचा एवढा स्वच्छ नकाशा मी कॉलेजातही पाहिला नव्हता. तोही एकही यंत्र न वापरता. संध्याकाळची एसटी गेली.

सकाळी बोर्मा थंड झाल्यावर खालचा पत्रा उघडला. आत बॅफल प्लेट असते. गरम हवा दोन्हीकडे सारखी वाटली जावी म्हणून तिच्या वाटेत आडवा बसवलेला, भोकं पाडलेला पत्रा. मोठी भोकं भट्टीपासून लांबच्या बाजूला यायला हवीत. ती डावीकडे, भट्टीच्या तोंडाशीच होती. प्लेट उलटी बसवली होती.

"हे कुणाचं काम?" अण्णांनी विचारलं.

"आमचं," मी म्हणालो. "आणि सही करताना मी फक्त दारावरचा काटा पाहिला. ताईंची काहीच चूक नाही."

इंदूताई म्हणाल्या, "मग फिरवा की आता. उभं र्‍हाऊन काय हुनार?"

फिरवली. भट्टी पेटवली. 'कागद बाजूला ठेवा, तुमच्या पद्धतीनं घाला,' असं मी ताईंना सांगितलं. त्यांनी टोपली सरकवून करवंटी घेतली. करवंटीभर टरफलं टाकायची, जाळाचा आवाज ऐकायचा, हवा कमी-जास्त करायला राखेचं झाकण बोटभर सरकवायचं, पुन्हा करवंटी. काट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी पाहत होतो. अडुसष्ट ते त्र्याहत्तर. दिवसभर त्याच्या बाहेर गेला नाही.

दुपारनंतर मागचा, सर्वांत खालचा ट्रे त्यांनी स्वतः ओढला. एक गर अंगठ्यानं चोळला. साल भुग्यासारखी गळून पडली, आत हस्तिदंती पांढरा गर. तो त्यांनी आधी अण्णांच्या हातावर ठेवला.

व्यापारी आला, मूठभर गर उजेडात धरून पाहिले आणि विचारलं, "बोर्म्यावर कोण आहे?" अण्णांनी ताईंकडे बोट दाखवलं. माल विकला गेला.

पुण्यात माझा रिपोर्ट वाचून साहेब आठवडाभर बोलले नाहीत. पण पुढच्या छापील पुस्तिकेत 'तासाला एक टोपली' नव्हतं. 'जळण थोडं थोडं, सतत' असं होतं. चाचणीच्या वेळी प्रत्येक ट्रेच्या चारही कोपऱ्यांतला माल तपासावा, असं नवीन कलमही आलं. कुणाकडून शिकलो ते मात्र छापलं नाही. मी आग्रह धरायला हवा होता.

थर्मामीटर खोटं बोलत नाही. तो फक्त जिथे लावाल तिथलंच सांगतो. उरलेल्या कपाटाची माहिती हवी असेल तर भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारावं लागतं.